आत्याबाईंच्या ताटातली सुकट



धाराशिव जिल्ह्यातील ढोकीहून आलेले एक पत्र गेले आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. पत्र एका सूनबाईंचे आहे. त्यांच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या दिवाळीत उंबऱ्याला अडखळून त्या पडल्या. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून जेवण निम्म्यावर आले. वरण नको, दूध नको, पालेभाजी चावत नाही. मात्र आठवडी बाजारातून आणलेली सुकट तव्यावर भाजून, तिच्यात लसूण-तिखट घालून चटणी केली, की ज्वारीची अख्खी भाकरी कुस्करून खात असत. घरातला तिढा या सुकटीवरूनच पडला. धाकट्या मुलाने सांगितले, "सुकटीत कोलेस्टेरॉल असते, बंद करा." पुतण्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तीत समुद्राच्या काळोख्या तळाशी लालभडक कोळंब्या फिरत होत्या आणि बोलणारा सांगत होता, की ही सगळी जात तळातली घाण खाऊन जगते. त्या दिवसापासून घरात सुकट आली नाही आणि आत्याबाईंची भाकरी पुन्हा अर्धी झाली.

सूनबाई विचारतात, "हा जीव नेमका कोणता? तो राहतो कुठे? आणि आमच्या आत्याबाईंनी तो खावा की नाही?"

हे तीन प्रश्न ज्या क्रमाने विचारले आहेत, त्याबद्दल मला या सूनबाईंचे कौतुक वाटते. बहुतेक घरांत फक्त तिसरा प्रश्न विचारला जातो आणि ज्याचा आवाज मोठा, त्याचे उत्तर खरे ठरते. पण एखाद्या प्राण्याचे शरीर कसे आहे आणि तो कुठे वाढतो, हे समजले, की तो कोणाला मानवेल आणि कोणाला बाधेल, याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते. म्हणून याच क्रमाने जाऊ. ज्या घरी माळ आहे किंवा सामिष आहार वर्ज्य आहे, त्यांना आग्रह करण्याचा हेतू मुळीच नाही. परंतु त्यांच्याही उपयोगाची एक गोष्ट पुढे येणार आहे, तेव्हा त्यांनी पान उलटू नये.

हा जीव कोणता?

आपल्या बाजारात सुकट म्हणून जे मिळते, तो बहुधा वाळवलेला जवळा असतो. कोकणात त्याला जवळा, काही ठिकाणी कोळीम म्हणतात. शास्त्रात त्याचे नाव 'असेटिस इंडिकस'. हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्‌स यांनी १८३० मध्ये दिले. पुष्कळांचा समज असतो, की जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले. तसे नाही. जवळा ही स्वतंत्र जात आहे आणि पूर्ण वाढल्यावरही त्याची लांबी दीड ते चार सेंटिमीटरच असते. मादी नरापेक्षा थोडी मोठी असते. त्याचे आयुष्यही थोडे असते, एका वर्षाच्या आतच ते संपते.

चिमूटभर सुकट पांढऱ्या ताटलीत घेऊन, चष्मा लावून पाहावी. डोके आणि छाती एकाच पातळ कवचाखाली जोडलेली दिसतील. त्यापुढे देठावर बसवलेले दोन काळे डोळे. कपाळावर एक काटा असतो, पण जवळ्यात तो इतका लहान, की जाणवतही नाही. मिशा शरीराहून लांब असतात, वाळल्यावर मोडून पडतात. सुकटीत जे केसासारखे धागे दिसतात, त्या याच. मागचे शरीर सहा वळ्यांचे, त्याखाली पोहण्याची वल्ह्यांसारखी पाच जोड्या उपांगे आणि शेवटी पंख्यासारखी शेपटी.

कोळंबी, खेकडा, शेवंड यांना प्राणिशास्त्रात 'दशपाद' म्हणतात, कारण त्यांना चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. जवळा याच गणातला. परंतु त्याच्या शेवटच्या दोन जोड्या नसतातच. दहा पायांच्या गणातला हा सहा पायांचा सभासद आहे. आयुष्य पाण्यात तरंगत आणि पोहत काढणाऱ्या जिवाला तळावर चालायचे फारसे कारण नाही. तळातली घाण खातो, या आरोपाचा विचार करताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

आतील रचनाही पाहण्याजोगी आहे. हृदय छातीच्या भागात, डोक्याच्या कवचाखाली असते, म्हणून 'कोळंबीचे हृदय डोक्यात' असे गमतीने म्हणतात. जठरही तिथेच. तिथून आतडे पाठीच्या बाजूने शेपटीपर्यंत जाते. मोठी कोळंबी साफ करताना गृहिणी जो काळा दोरा काढतात, ते हे आतडे. मज्जारज्जू मात्र आपल्या उलट, पोटाच्या बाजूने जातो. रक्तात आपल्यासारखे लोहयुक्त हिमोग्लोबिन नसून तांबेयुक्त हिमोसायनिन असते. त्यामुळे प्राणवायू मिळाल्यावर ते रक्त लाल न होता निळसर दिसते.

तो राहतो कुठे?

जवळा भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर सापडतो आणि पूर्वेकडे थायलंड, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत पसरलेला आहे. भारतात तो सर्वांत अधिक मिळतो गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर. त्याला खाड्यांची मुखे, गढूळ आणि उथळ पाणी मानवते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सूक्ष्म जीव आणि सेंद्रिय कण हे त्याचे अन्न. तो स्वतः बोंबलासारख्या अनेक माशांचे अन्न आहे. पालघर, मुंबई, रायगड या भागांतील कोळी बांधव त्याच्यासाठी डोल लावतात. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखे जाळे. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने जवळा आपणहून त्यात शिरतो. किनाऱ्यावर तो उन्हात पसरतात. शरीर इतके बारीक आणि कवच इतके पातळ, की तो लवकर वाळतो. मग पोत्यांत भरून घाट चढतो.

ढोकीपासून समुद्र सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. ज्यांना समुद्र पाहायला मिळाला नाही, अशा कित्येक आजी-आजोबांच्या घरी मात्र समुद्रातला हा जीव पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला. या परिसराला समुद्राशी नाते ठेवण्याची सवय तशी जुनी आहे. ढोकीजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तकात त्याचा उल्लेख आहे, आणि तिथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई, असे त्यात नोंदले आहे. जुन्या वाचकांना नदीच्या डोहांतले झिंगेही आठवत असतील. तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला मिळते आणि गोदावरीच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातले झिंगे आढळतात. ते जवळ्याचे लांबचे भाऊबंद, पण जात निराळी.

मग मोबाइलमधल्या त्या लाल कोळंब्या कोणत्या?

त्या खोल समुद्रातल्या. ढोबळमानाने २०० मीटरच्या खाली गेले, की खोल समुद्र सुरू होतो असे मानतात. मराठवाड्यात साडेसहाशे फुटांचे बोअर आपल्याला नवीन नाहीत, ती खोली म्हणजेच सुमारे २०० मीटर. तिथे सूर्यप्रकाश नावापुरता पोहोचतो आणि त्याखाली तोही नाही.

आपल्या अरबी समुद्रातल्या अशा एका कोळंबीची ओळख करून देतो. तिचे नाव 'ॲरिस्टियस अल्कॉकी'. हे नाव आल्फ्रेड अल्कॉक यांच्यावरून पडले. ते पेशाने डॉक्टर. १८८८ ते १८९२ या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर शल्यवैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी काम केले आणि हिंदी महासागराच्या तळातून वर आलेले अनेक अपरिचित जीव नोंदवले. पुढे १९३३-३४ मध्ये 'माबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात आली. त्या मोहिमेत मिळालेल्या नमुन्यांवरून रमदान या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये ही जात जगापुढे ठेवली.

ही कोळंबी एडनच्या आखातापासून अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरापर्यंत, काही शे मीटरांपासून हजार मीटरांच्या आसपासच्या खोलीत राहते. गुलाबी अंगावर तांबडी कडी असतात, म्हणून व्यापारात तिला 'रेड रिंग' म्हणतात. मादी नरापेक्षा बरीच मोठी. कपाळावरचा काटा मादीत लांब आणि टोकदार, तर प्रौढ नरात आखूड. केरळातील कोल्लमच्या यांत्रिक नौका १९९९-२००० च्या सुमारास खोल पाण्यात जाऊ लागल्या, तेव्हापासून ती बाजारात दिसू लागली.

तिचा लाल रंग पाहून भय वाटण्याचे कारण नाही. सूर्यप्रकाशातील तांबडे किरण समुद्राच्या वरच्या थरातच शोषले जातात. जिथे तांबडा प्रकाशच पोहोचत नाही, तिथे तांबडी वस्तू काळी दिसते. म्हणजे तो लाल रंग तिचे लपण्याचे वस्त्र आहे. उथळ पाण्यातल्या जवळ्याला हीच गरज भासते, पण तो ती वेगळ्या रीतीने भागवतो. जिवंतपणी तो जवळजवळ पारदर्शक असतो.

जवळ्याच्याच कुळातली एक कोळंबी मात्र खोल पाण्यातली आहे आणि तीही अगदी आपल्या सुकटीसारखीच वाळवली जाते. जपानच्या सुरुगा आखातात 'साकुरा एबी' नावाची चार-पाच सेंटिमीटरांची गुलाबी कोळंबी मिळते. साकुरा म्हणजे चेरीचा बहर. दिवसा ती २०० मीटरांहून खाली राहते आणि रात्री अन्नासाठी वर येते. तिच्या अंगावर दीडशेहून अधिक प्रकाशबिंदू असतात. फुजी नदीच्या काठी, फुजी पर्वताच्या पायथ्याकडे, ती उन्हात पसरलेली असते तेव्हा सारे वाळवण गुलाबी दिसते. ती अख्खी खाण्याची तिथे रीत आहे आणि म्हातारी माणसेही ती आवडीने खातात.

सारांश, चित्रफितीतली लाल कोळंबी आणि आत्याबाईंच्या ताटातला जवळा यांचे नाते आहे, पण घर एक नाही. एक खोल काळोखात राहते, दुसरा खाडीच्या मुखाशी. शिवाय ज्या पाऱ्याची भीती घातली जाते, तो प्रामुख्याने मोठ्या आणि दीर्घायुषी शिकारी माशांत साठत जातो. वर्षभरही न जगणाऱ्या जवळ्यात तो साठायला वेळच मिळत नाही.

शरीराचा कोणता भाग काय देतो?

आता तिसरा प्रश्न. मोठी कोळंबी आपण सोलून खातो. जवळा मात्र अख्खा, डोक्यासकट आणि कवचासकट पोटात जातो. म्हणून त्याचा लाभ आणि त्याचा धोका, दोन्ही त्याच्या सगळ्या अवयवांतून येतात.

मागच्या सहा वळ्यांत भरलेला असतो तो स्नायू. पाणी निघून गेल्यामुळे वाळलेल्या जवळ्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. पंधरा-वीस ग्रॅम सुकटीतून सुमारे दहा ग्रॅम प्रथिने मिळतात. उतारवयात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिने हवीत, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोंच्या आजींना म्हणजे पन्नास ग्रॅम. अर्धी भाकरी आणि चहा यांवर दिवस काढणाऱ्या व्यक्तीला ती मिळत नाहीत, मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडते. आपण हाडांची काळजी करतो, पण उंबऱ्यावरून पाय उचलतात ते स्नायू.

कवच बनते कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे आणि त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. कायटिन आपल्याला बहुतांशी पचत नाही, ते चोथ्यासारखे पुढे जाते. कॅल्शियमचा काही भाग मात्र उपयोगी पडतो. अर्थात, तेवढ्यावर डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी बंद करू नये.

भाजल्यावर येणारा तांबूस रंग ॲस्टाझँथिनचा. जिवंतपणी हे द्रव्य प्रथिनाला बांधलेले असल्याने त्याचा रंग झाकलेला राहतो, उष्णतेने तो बांध सुटतो. म्हणून कोळंबी शिजली, की लाल होते. त्या लालीला 'उष्ण पडते' असा अर्थ लावण्याचे कारण नाही.

कोलेस्टेरॉलचे काय? धाकट्या मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. ताज्या कोळंबीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. पण तिच्यात संपृक्त चरबी फार थोडी असते आणि बहुतेकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त चरबीचा वाटा अधिक असतो. आठवड्यातून एक-दोनदा मूठभर सुकट खाणाऱ्या आजींपेक्षा रोज वनस्पती तुपातली बिस्किटे आणि फरसाण खाणाऱ्या मुलाने या बाबतीत अधिक सावध राहावे. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना प्रमाण विचारून घ्यावे.

आत्याबाईंच्या बाबतीत माझी खरी काळजी निराळी आहे, ती मिठाची. जवळा समुद्राच्या पाण्यातून थेट वाळवणावर जातो. वेगळे मीठ लावले नाही, तरी पाणी उडून जाते आणि समुद्राचे मीठ अंगावर राहते. काही ठिकाणी वरूनही मीठ लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रक्तदाब असलेल्यांनी तर हा हिशेब काटेकोर ठेवायला हवा. घरात भीती कोलेस्टेरॉलची धरली गेली आणि मिठाकडे कोणाचे लक्ष गेले नाही, असे या पत्रावरून मला वाटते.

कोणी खाऊ नये?

कोळंबीच्या स्नायूत 'ट्रोपोमायोसिन' नावाचे प्रथिन असते. काही व्यक्तींच्या शरीराला ते शत्रू वाटते. ते उष्णतेने नष्ट होत नाही, म्हणून खरपूस भाजले तरी वावडे टळत नाही. धुळीतील सूक्ष्म किडे आणि झुरळे यांच्या अंगातही याच्याशी मिळतेजुळते प्रथिन असते. कारण कीटक आणि कोळंबी हे दोघेही सांधे असलेल्या पायांच्या एकाच विशाल समूहातले आहेत. हे वावडे तरुणपणी नसले तरी पुढे कधीही उद्भवू शकते. सुकट खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, घसा आवळणे, दम लागणे, चक्कर येणे यांपैकी काही झाले, तर पुन्हा ती खाऊ नये. श्वासाला त्रास होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांना हे वावडे आणि दमा दोन्ही आहेत, त्यांना सुकट भाजतानाच्या वाफेनेही त्रास होऊ शकतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कोळंबीचे वावडे म्हणजे आयोडीनचे वावडे नव्हे. अँजिओग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या वेळी आयोडीनयुक्त औषध देतात, तेव्हा 'आजोबांना कोळंबी चालत नाही' म्हणून घरचे लोक तपासणीच नाकारतात. असे करू नये. डॉक्टरांना वावड्याची माहिती जरूर द्यावी, निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना प्रथिने, फॉस्फरस आणि सोडियम या तिन्हींचे बंधन असू शकते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुकट खाऊ नये. पायावर सूज येणारे हृदयरुग्ण आणि यूरिक ॲसिड वाढलेले संधिवाताचे रुग्ण यांनाही हेच सांगणे. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना अख्खी सुकट कधीही देऊ नये, कोरड्या मिशा आणि कवचाचे तुकडे घशात अडकतात.

आणि आता माळकरी वाचकांसाठी राखून ठेवलेली गोष्ट. गुडघेदुखीवर 'ग्लुकोसामाइन' नावाच्या गोळ्या पुष्कळजण घेतात. हे द्रव्य बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून काढलेले असते. ज्यांना सामिष वर्ज्य आहे, त्यांनी घेण्यापूर्वी औषध-विक्रेत्याला तिचा स्रोत विचारावा. ज्यांना कोळंबीचे वावडे आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. गुडघ्यांना या गोळीचा गुण किती येतो, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

खायची, तर कशी?

सुकट घेताना ती कोरडी, सुटी आणि फिकट गुलाबी-पांढरी असावी. हाताला दमट लागणारी, बुरशीचे ठिपके असलेली किंवा नाकाला झोंबणाऱ्या वासाची घेऊ नये. घरी आणल्यावर एकदा ऊन द्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात थोडी थोडीच आणावी.

किनाऱ्यावर वाळवलेल्या मालात वाळू असते. वयस्कर दातांना आणि कवळीला ती सोसत नाही. सुपात पाखडून, चाळणीने चाळून घ्यावी. मग कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि पुन्हा एकदा धुवावे. वाळू तळाशी बसते आणि वरचे बरेचसे मीठ उतरते. निथळून, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत कोरडी भाजावी. मिशा आणि पाय हातानेच चोळून निघतात, ते फुंकून टाकावेत.

यानंतर खलबत्त्यात लसूण, थोडे तिखट आणि भाजलेले शेंगदाणे घालून बारीक कुटावी. मीठ अजिबात घालू नये, सुकटीचे स्वतःचे पुरते. दात नसतील, तर हीच पूड पातळ पिठल्यात किंवा आमटीत मिसळावी आणि भाकरी त्यात भिजवून द्यावी. एका वेळी दोन मोठे चमचे, आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. ज्या दिवशी सुकट, त्या दिवशी लोणचे-पापड नको. बाकीच्या दिवसांची प्रथिने डाळ, दही, शेंगदाणे, अंडी यांतून, जे घरात चालते त्यातून, थोडी थोडी द्यावीत. पहिल्या पंधरवड्यात रक्तदाब दोन-तीनदा मोजून वहीत लिहावा आणि ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांच्या अखेरच्या वर्षी मी त्यांच्या ताटातून एकेक पदार्थ काढत गेलो. आधी लोणचे, मग तूप, मग गूळ, मग त्यांची आवडती भरली वांगी. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होते आणि ते पुस्तकात बसणारे होते. तपासणीचे अहवाल सुधारत होते आणि वडील मात्र उतरत होते. काढलेल्या पदार्थाच्या जागी काय ठेवायचे, हे मी त्यांना कधी विचारलेच नाही. डॉक्टर असूनही ताटात उरलेल्या घासांची संख्या मोजायला मी विसरलो. आजही कोणा वृद्धाचे पथ्य लिहून देताना माझा हात थोडा थांबतो, तो या आठवणीने.

म्हणून ढोकीच्या सूनबाईंना माझे उत्तर असे. आत्याबाईंना यापूर्वी सुकटीने कधी गांधी किंवा दम लागला नसेल, मूत्रपिंडाची तपासणी ठीक असेल आणि रक्तदाब आटोक्यात असेल, तर बाजारातून पावशेर सुकट अवश्य आणावी. वर सांगितल्याप्रमाणे धुऊन, मिठाविना चटणी करावी. पहिल्या दिवशी पुतण्यालाही शेजारी बसवावे, पांढऱ्या ताटलीत चार जवळे ठेवावेत आणि त्याच्याकडून पायांच्या जोड्या मोजून घ्याव्यात. वाळलेल्यांतले काही पाय गळालेले असतील, पण तीनपेक्षा अधिक जोड्या काही त्याला सापडणार नाहीत.

आणि उंबऱ्यापाशी रात्रीचा एक दिवा लावायला विसरू नये.